उपग्रह एकदा वर गेला की त्याला तिथे सांभाळतं कोण?

केबलवाल्याचा_मुलगा, इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून सगळंच लिहितो. आमच्या बाबांचा रामबागेत केबलचा धंदा होता, १९९२ ला सुरू केला, गच्चीवर बारा फुटी जाळीची डिश, जिन्याखाली कंट्रोल रूम म्हणजे एक टेबल, रिसीव्हर, मॉड्युलेटर आणि एक पंखा, आणि तिथून गल्लीगल्लीत वायर. नंतर त्यांनी दूरदर्शनसाठी दुसरी डिश लावली. धंदा बंद होऊन खूप वर्षं झाली पण दोन्ही डिश अजून गच्चीवरच आहेत, स्टँड गंजलेत, पण पाया सिमेंटात असल्यामुळे जागच्या हललेल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात माळा आवरताना बाबांच्या डायऱ्या सापडल्या. वसुली, कोणाची वायर तुटली, कोणी दोन महिने पैसे दिले नाहीत, असं सगळं. पण दरवर्षी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये चार-पाच दिवस एकच शब्द लिहिलेला, सूर्य. उदाहरणार्थ, "१० मार्च. सूर्य. पहिली डिश १०.२०, दुसरी १२.०४. सहा मिनिटं." ऑक्टोबरच्या पानांवर १०.०० आणि ११.४३. मला लहानपणचं आठवतं, अचानक सगळ्या टीव्हींवर मुंग्या यायच्या, फोन खणखणायला लागायचा आणि बाबा प्रत्येकाला एकच सांगायचे, पाच मिनिटं थांबा, येतंय. आणि खरंच यायचं.

ऑक्टोबर १९९७ च्या पानाला पेपरचं एक कात्रण चिकटवलेलं आहे, आपला इन्सॅट-२डी उपग्रह निकामी झाल्याचं. त्याखाली बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय, "आता हा कोण दुरुस्त करणार?"

माझी मुलगी आठवीत आहे, तिने हे वाचलं आणि मला तेच विचारलं. मला धड सांगता आलं नाही. उपग्रह वर सोडला की तो आपला आपण तिथे राहतो का, का कोणी सांभाळतं, आणि बिघडला तर खरंच काही करता येतं का? बाबा आता ७८ चे आहेत, ऐकायला कमी येतं, पण डायरी हातात दिली की अजून एकेक ओळ बोटाने वाचतात. त्यांनाही उत्तर सांगायचं आहे.

पोहेजलेबी

भिया मस्त डायरी आहे, जपून ठेवा. माझ्या माहितीप्रमाणे तिथे हवा नाही, घर्षण नाही, त्यामुळे एकदा वेग दिला की उपग्रह तसाच फिरत राहतो, कोणी काही करावं लागत नाही, बॅटरी किंवा सोलर पॅनल संपलं की तो मरतो. दुरुस्तीला अंतराळवीर जातात ना, हबल दुर्बिणीला गेले होते तसे. मार्चच्या प्रकाराचं मात्र माहीत नाही, उन्हाने रिसीव्हर तापत असेल का?

अँटेनावाले_काका

रिसीव्हर तापण्याचा संबंध नाही. मी नोकरीची बरीच वर्षं मोठ्या अँटेनांशेजारी काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो, आणि या डायरीने मला खरंच आनंद झाला आहे हे आधी सांगतो.

तुमच्या बाबांच्या डिश ज्या उपग्रहांकडे बघत होत्या ते सगळे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. तिथे सेकंदाला साधारण ३ किलोमीटर वेगाने फिरलं की एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात होते, म्हणून खालून बघितलं तर उपग्रह एका जागी टांगल्यासारखा दिसतो. आता आपण इंदूरला विषुववृत्तापासून पावणेतेवीस अंश उत्तरेला, त्यामुळे आपल्याला तो थोडा दक्षिणेला कललेला दिसतो, सूर्याच्या भाषेत सांगायचं तर दक्षिण क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) जवळजवळ पावणेचार-चार अंश. सूर्य नेमका तेवढा दक्षिणेला कधी असतो? वसंतसंपाताच्या नऊ-दहा दिवस आधी आणि शरदसंपातानंतर दहा दिवसांनी (संपात म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस). म्हणजे १० मार्चच्या आसपास आणि २-३ ऑक्टोबरला. त्या दिवसांत उपग्रहाच्या बरोबर मागून सूर्य जातो, सूर्य स्वतः रेडिओ लहरींचा प्रचंड गोंगाट करतो, आणि त्या गोंगाटात उपग्रहाचा बिचारा बारीक आवाज बुडून जातो. पाच-सात मिनिटांत सूर्य पुढे सरकतो आणि चित्र परत येतं. बारा फुटी डिशची नजर साधारण दीड अंश रुंद असते म्हणून चार-पाच दिवस हा त्रास, आमच्या मोठ्या अँटेनांना त्याहून कमी.

आणि आता गंमत बघा. त्या वेळा नुसत्या वेळा नाहीत, त्या पत्ता आहेत. १० मार्चला इंदूरचा खरा मध्यान्ह घड्याळात १२.३७ ला होतो, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहोत. १२.०४ ला चित्र गेलं म्हणजे तो उपग्रह मध्यान्हरेषेच्या तेहतीस मिनिटं पूर्वेला, हिशोब केला की येतात ८३ अंश पूर्व, ती इन्सॅटची ठरलेली जागा. आणि १०.२० वाला त्याच्याही बराच पूर्वेला, १०५ अंशांच्या आसपास. तुमच्या बाबांनी घड्याळ बघून दोन उपग्रहांची जागा कागदावर उतरवून ठेवली आहे.

आता पोहेजलेबी यांचं म्हणणं. हवा नाही हे बरोबर, पण म्हणून उपग्रह शांत बसत नाही. चंद्र आणि सूर्य त्याला ओढत असतात, त्याने कक्षा वर्षाला पाऊण ते एक अंश तिरकी होत जाते, मग खालून बघणाऱ्याला उपग्रह रोज इंग्रजी आठाच्या आकारात वरखाली झुलताना दिसतो. सूर्यप्रकाशाचाही सोलर पॅनलवर दाब पडतो. आणि पृथ्वीचं विषुववृत्त अगदी गोल नाही, किंचित लंबगोल आहे, त्यामुळे उपग्रह पूर्व-पश्चिमही घसरतो. हे सगळं आवरायला त्याचे छोटे थ्रस्टर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, खालून हुकूम देऊन ठरावीक दिवसांनी चालवावे लागतात. त्याला दिलेली मोकळीक साधारण एक दशांश अंश इकडे आणि तेवढीच तिकडे, त्या उंचीवर एक दशांश अंश म्हणजे जवळजवळ ७४ किलोमीटर. त्या चौकटीत तो राहिला म्हणून तुमच्या बाबांनी सिमेंटात रोवलेली डिश वर्षानुवर्षं हलवावी लागली नाही. बहुतेक वेळा उपग्रह मरतो तो पॅनल संपून नाही, इंधन संपून. शेवटचं थोडं इंधन राखून त्याला अडीचतीनशे किलोमीटर आणखी वर ढकलायचं असतं, म्हणजे त्याची जागा दुसऱ्याला मोकळी होते.

एक गोष्ट इंदूरकरांसाठी मुद्दाम. त्या लंबगोलपणामुळे या कक्षेत दोन जागा अशा आहेत जिथे उपग्रह परातीत ठेवलेल्या गोटीसारखा आपणहून ओढला जातो. एक १०५ अंश पश्चिमेला, अमेरिकेच्या बाजूला. आणि दुसरी ७५ अंश पूर्वेला. इंदूर आहे ७५.८६ वर आणि उज्जैन ७५.७७ वर. आपले जुने सिद्धांतकार, म्हणजे खगोलगणिती, उज्जैनवरून जाणारी रेषा मध्यरेषा धरायचे आणि ती विषुववृत्ताला जिथे छेदते त्या बिंदूला लंका म्हणायचे, आजची श्रीलंका नव्हे, गणितातली लंका. त्या लंकेपासून जेमतेम पाऊण अंशावर, डोक्यावर पस्तीस हजार किलोमीटरवर ही परात आहे. ज्यांचं इंधन आधीच संपलं आणि वर ढकलायचं राहून गेलं असे काही मेलेले उपग्रह तिच्याभोवती वर्षानुवर्षं झोके घेत असतात, आणि आजूबाजूच्या चालू उपग्रहांना त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलेली उज्जैनची वेधशाळा डोळ्यांसमोर आली होती.

केबलवाल्याचा_मुलगा, इंदूर

काका, मी हे दोनदा वाचलं आणि मग मुलीला वाचून दाखवलं. १२.०४ वरून ८३ अंश निघतात हे तिने स्वतः वहीत करून बघितलं, तुमच्या तेहतीस मिनिटांपर्यंत आली पण पुढे ८४ च्या वर जातेय, काय चुकतंय?

अँटेनावाले_काका

शाबास, तिचं चुकलेलं काही नाही. चार मिनिटांना एक अंश या हिशोबाने तेहतीस मिनिटांचे सव्वाआठ अंश, ते ७५.८६ मध्ये मिळवले तर ८४.१ येतात. पण ते आपण पृथ्वीच्या केंद्रात उभे असतो तर. आपण पृष्ठभागावर म्हणजे उपग्रहाच्या जवळ आहोत, म्हणून कोन मोठा दिसतो. सव्वाआठचे खरे सात-सव्वासात होतात. तिला सांगा, बेरीज सात अंशांची कर.

माहेर_इंदूर, भोपाळ

मी भोपाळला फिजिक्स शिकवते, माहेर इंदूरचं. सांभाळतं कोण याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे म्हणून लिहावंसं वाटलं. इन्सॅट, जीसॅट वगैरे भूस्थिर उपग्रहांचं काम बघणारं इस्रोचं मुख्य नियंत्रण केंद्र कर्नाटकात हासनला, १९८२ पासून, आणि दुसरं भोपाळात, २००५ पासून, म्हणजे एका जागी काही झालं तरी दुसरीकडून काम चालू राहावं. तिथे चोवीस तास पाळ्या असतात. प्रत्येक उपग्रहाचं तापमान, बॅटरी, इंधनाचा दाब, तोंड कुठे आहे हे सगळं सतत खाली येत असतं. तुमच्या बाबांच्या सूर्याच्याच दिवसांत रात्री उलटा प्रकार होतो बरं का, उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो, संपाताच्या आगेमागे मिळून साधारण दीड महिना रोज, जास्तीत जास्त ७२ मिनिटं, तेवढा वेळ सगळं बॅटरीवर. आपण झोपलेलो असतो आणि तिथे कोणीतरी बॅटरीचा आकडा बघत बसलेलं असतं.

आणि बिघडला तर काय करता येतं, यावर आपल्याकडचाच इतिहास इतका आहे की वर्गात सांगायला लागले की तास संपतो. पहिला आर्यभट, १९ एप्रिल १९७५, ३६० किलोचा, चार-पाच दिवसांत वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्यातले प्रयोग बंद पडले. मग ॲपल, १९ जून १९८१, ज्याचा बैलगाडीवरचा फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. बैलगाडी गरिबी म्हणून नव्हती हे मी मुलांना मुद्दाम सांगते, अँटेनाची चाचणी घेताना खाली लोखंडी गाडी असली तर तिच्यावरून लहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडलं असतं म्हणून. वर गेल्यावर त्याच्या दोन सोलर पॅनलपैकी एक उघडलंच नाही. अर्ध्या विजेवर, एक बाजू तापतेय ती सांभाळत, त्याला दोन वर्षांहून जास्त चालवलं. आपल्या लोकांनी भूस्थिर उपग्रह सांभाळायचा म्हणजे काय हे शिकलं ते या लंगड्या उपग्रहावर.

पण पुढच्याच वर्षी इन्सॅट-१ए. १० एप्रिल १९८२ ला गेला, सोलर सेल (विजेचा सेल नव्हे, शीड) उघडलं नाही, मग सप्टेंबरमध्ये पृथ्वीकडचं तोंड सुटलं आणि ते परत वळवण्याच्या नादात इंधनच संपलं. पाच महिन्यांत खेळ आटोपला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळ शटलमधून गेला, शटलचं ते रात्री झालेलं पहिलं उड्डाण. त्याचंही पॅनल अडकलं! सप्टेंबरच्या मध्यापर्यंत खालून प्रयत्न करत राहिले आणि शेवटी ते उघडलं. त्यानंतरच्या काळात देशभर जे छोटे छोटे दूरदर्शनचे ट्रान्समीटर उभे राहिले ते याच उपग्रहाच्या जोरावर. ते पॅनल तसंच अडकून राहिलं असतं तर आपल्या लहानपणीचा टीव्ही काय असता मला कल्पना करवत नाही.

इन्सॅट-२डी मात्र नाही वाचला. ४ जून १९९७ ला सोडला, ४ ऑक्टोबरला वीजवाहिनीत शॉर्ट सर्किट झालं आणि संपलं. वीजच नसेल तर हुकूम ऐकणार कोण. मग त्याची उणीव भरून काढायला अरबसॅटचा एक वर असलेलाच उपग्रह विकत घेतला आणि त्याला इन्सॅट-२डीटी म्हणायला लागले. तेव्हा तुमच्या बाबांच्या पेन्सिलीतल्या प्रश्नाचं त्या दिवशीचं खरं उत्तर, कोणी नाही. आवाज पोचतोय तोवर दुरुस्ती आहे, आवाज तुटला की नाही.

आवाज पोचतोय तर माणसं काय करतात हे बघायचं तर चंद्रयान-१ बघा. तारे बघून दिशा ठरवणारे त्याचे सेन्सर बंद पडले तर जायरो (वळण मोजणारं यंत्र) आणि अँटेनाच्या दिशेवरून त्याची नजर सांभाळली, मे २००९ मध्ये कक्षा १०० वरून २०० किलोमीटरवर नेली आणि २९ ऑगस्टपर्यंत काम करून घेतलं. मंगळयान तर सहा महिन्यांसाठी पाठवलं आणि आठ वर्षं नांदवलं. जानेवारी २०१७ मध्ये एक लांबलचक ग्रहण टाळायला कक्षा बदलली, त्यात बरंच इंधन गेलं, पण पाच वर्षं मिळाली.

पोहेजलेबी

ताई, काका, माझं चुकलं, बरंच शिकायला मिळालं. पण मग माणसं पाठवून दुरुस्ती का नाही करत? हबलला १९९३ मध्ये जाऊन चष्मा लावून आलेच ना.

माहेर_इंदूर, भोपाळ

हबल तेव्हा जेमतेम सहाशे किलोमीटरवर. इन्सॅट त्याच्या साठपट उंच. तिथे दुरुस्तीला माणूस आजवर कधीच गेलेला नाही, शटलला तेवढी उंची गाठताच येत नव्हती.

लोकमान्यनगरचे_आजोबा

मी नातवाकडून टाईप करून घेतोय. हवा नाही म्हणणाऱ्या मुलाला एक सांगायचं आहे. खालच्या कक्षेत हवा असते, अगदी विरळ, पण असते. आम्ही ती भोगली आहे. १९७९ चा जुलै. स्कायलॅब पडणार, स्कायलॅब पडणार, दुसरं काही बोलणंच नव्हतं. ७७ टन वजनाची अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा, सूर्यावर गडबड वाढली की वरची हवा फुगते, त्या हवेने तिचा वेग खाल्ला आणि ती अंदाजापेक्षा लवकर खाली यायला लागली. कुठे पडेल कोणी सांगू शकत नव्हतं. आमच्या वाड्यात बायकांनी सोन्याचे डाग एका डब्यात घालून ठेवले, एका शेजाऱ्यांनी साठवलेल्या तुपाचे लाडू करून टाकले, म्हणाले राहिलं कोण खायला. ११ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली, दुसऱ्या दिवशी रेडिओवर ऐकलं तेव्हा आईने देवाजवळ दिवा लावला. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोकला होता.

पण त्याच स्कायलॅबला लोकांनी वाचवलंही होतं हे मला फार नंतर कळलं. मे १९७३ मध्ये सोडतानाच तिचं उन्हापासूनचं कवच उडालं, एक पॅनल गेलं, दुसरं अडकलं, आत भट्टी झाली. अकरा दिवसांनी पहिले तीन अंतराळवीर गेले, त्यांनी खिडकीवजा झडपेतून छत्रीसारखं एक कापड बाहेर काढून उघडलं, मग बाहेर जाऊन अडकलेलं पॅनल मोकळं केलं. ताईंनी इन्सॅट-१बी चं सांगितलं ते वाचून आठवलं, दोन्हीकडे दुखणं तेच, अडकलेलं पॅनल.

आणि आपल्या राकेश शर्मांचं घर, सॅल्यूत-७. एप्रिल १९८४ मध्ये ते तिथे राहून आले, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ते स्थानक मुकं झालं. एका सेन्सरच्या दोषाने बॅटऱ्या चार्ज होणंच थांबलं होतं. जूनमध्ये जानिबेकोव्ह आणि साविनिख हे दोघे सोयूझने गेले, स्थानकाकडून काही मदत नाही, अंतर हातातल्या यंत्राने मोजत, नुसत्या नजरेने जाऊन जोडणी केली. आत गेले तर पाणी गोठलेलं, भिंतींवर बर्फ, लोकरी टोप्या घालून काम. सोयूझच्या इंजिनाने सगळं स्थानक सूर्याकडे वळवलं, बॅटऱ्या थेट पॅनलला जोडल्या, एकेक करून जिवंत केल्या. मी रेल्वेत इलेक्ट्रिकलला होतो, थंडीच्या रात्री यार्डात गोठलेल्या हातांनी केबल जोडल्या आहेत, त्यामुळे हे वाचताना मला नुसती गोष्ट वाटत नाही.

रात्रपाळी

मी उशिरा आलो धाग्यावर, पण एक गोष्ट अजून कोणीच लिहिली नाहीये आणि मला राहवत नाहीये. केबलवाल्याचा_मुलगा, ती १०.२० वाली पहिली डिश. १९९२ ला लावलेली, १०५ अंश पूर्वेकडे बघणारी. तो एशियासॅट-१ आहे, १०५.५ अंशांवरचा, ज्याच्यावरून १९९१ पासून स्टारचे चॅनल यायचे आणि ऑक्टोबर १९९२ पासून झी. तेव्हा गल्लोगल्ली केबल सुरू झाली ती याच उपग्रहामुळे. आता त्याचा जन्म ऐका.

त्याचं पहिलं नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजरमधून सोडला, वर ढकलणारी मोटर नीट जळलीच नाही आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत अडकला, कुणाच्या कामाचा नाही. त्याच उड्डाणात सोडलेल्या इंडोनेशियाच्या पालापा-बी२ चं पण तेच झालं. विमा कंपन्यांनी पैसे भरले आणि उपग्रह त्यांचे झाले. मग ठरलं, परत आणायचे. आधी खालून हुकूम देऊन दोघांना शटल पोचेल इतकं खाली उतरवलं. नोव्हेंबर १९८४ मध्ये डिस्कव्हरी गेलं, जो ॲलन आणि डेल गार्डनर हे दोघं पाठीवर जेटचा संच बांधून, कसलीही दोरी न लावता, तरंगत उपग्रहाजवळ गेले आणि त्याच्या मोटरच्या तोंडात दांडा घालून त्याला पकडलं. पहिल्याला पकडल्यावर धरायचा क्लॅम्प बसेना, तर ॲलनने तो अर्ध्या टनाहून जड उपग्रह हातांनी धरून ठेवला, जवळजवळ एक अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा होईपर्यंत. दोन्ही मिळाल्यावर दोघांनी "विकणे आहे" अशी पाटी धरून फोटो काढला. खाली आणले, नीटनेटके केले, आणि वेस्टार-६ हाँगकाँगच्या कंपनीने घेतला, ७ एप्रिल १९९० ला चीनच्या लाँग मार्च-३ रॉकेटने परत वर गेला, एशियासॅट-१ या नावाने.

म्हणजे तुमच्या बाबांनी पेन्सिलीने विचारलं, हा कोण दुरुस्त करणार, आणि त्यांचा धंदा सुरू झाला तोच मुळी बिघडलेल्या, हाताने धरून परत आणलेल्या उपग्रहावर. त्याआधी आणि त्यानंतरही असे फारच थोडे, आणि त्यातला एक रामबागेच्या गच्चीवरून दिसत होता.

आता तर आणखी पुढे गेलंय. २५ फेब्रुवारी २०२० ला एमईव्ही-१ नावाचं यान इंटेलसॅट-९०१ या २००१ सालच्या, इंधन संपत आलेल्या भूस्थिर उपग्रहाच्या इंजिनाच्या तोंडातच जाऊन जोडलं गेलं आणि पाच वर्षांच्या करारावर त्याला स्वतःच्या इंजिनाने सांभाळायला लागलं. माणूस नाही पोचला, पण मदत पोचली. आपल्या इस्रोचं स्पेडेक्स याच दिशेचं पाऊल आहे, ३० डिसेंबर २०२४ ला दोन छोटे उपग्रह सोडले आणि १६ जानेवारी २०२५ ला ते एकमेकांना जोडले. मला स्वतःला मेघा-ट्रॉपिक्सचंही तेवढंच कौतुक वाटतं, ७ मार्च २०२३ ला काम संपलेल्या त्या हजार किलोच्या उपग्रहाला उरलेल्या इंधनावर हुकूम देत देत खाली आणून पॅसिफिकवर जाळला. आजोबांनी स्कायलॅबच्या वेळी जे सोसलं ते पुढच्या कुणाला सोसायला लागू नये तर हे काम शिकणं भाग आहे, आणि याला टाळ्या मिळत नाहीत, लाँचला मिळतात.

अँटेनावाले_काका

रात्रपाळी, सुंदर. केबलवाल्याच्या मुलाला एक काम सांगतो. तुमच्या डिश जागच्या हललेल्या नाहीत म्हणता. या जाळीच्या डिशमध्ये फीडहॉर्न, म्हणजे डिशने गोळा केलेल्या लहरी झेलणारा पुढचा भाग, बरोबर मध्यावर असतो. सूर्य उपग्रहाच्या मागे आला की फीडहॉर्नची सावली डिशच्या मधोमध पडते. रिसीव्हर, वीज काही लागत नाही. १० किंवा ११ मार्चला दोन्ही वेळा गच्चीवर उभे राहा.

केबलवाल्याचा_मुलगा, इंदूर

मंडळी, काल ११ तारीख होती. परवा ढग होते, काल आभाळ स्वच्छ. मुलीची शाळा सकाळची होती, तिने एक दिवस सुट्टी मागितली, दिली. बाबांना धरून धरून वर आणलं, जिना उंच आहे, मध्ये दोनदा बसले. खुर्ची टाकली, डोक्यावर टोपी.

पहिली डिश जरा वाकली आहे, कधीतरी वाऱ्याने स्टँड कललेला दिसतोय, सावली मधोमध आली नाही, एक वीतभर डावीकडे राहिली आणि निघून गेली. मुलगी हिरमुसली. पण दुसरी! पावणेबारापासून आम्ही सावली सरकताना बघत होतो, फीडहॉर्नची गोल सावली हळूहळू आत आत येत गेली, आणि १२.०४ ला बरोबर मधल्या बोल्टांवर येऊन बसली. बाबा खुर्चीतून घड्याळ बघत होते, आम्हाला कोणाला काही विचारलं नाही, नुसतं "आली" म्हणाले.

मग तिथेच बसून मी त्यांना पहिल्या डिशच्या उपग्रहाची गोष्ट सांगितली, कानाशी जाऊन, मोठ्याने, दोन माणसांनी दोरी न बांधता जाऊन तो कसा धरला आणि परत आणला, आणि मग त्याचं नाव बदलून परत कसा वर पाठवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाकलेल्या डिशकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आपलाच?"

मी म्हणालो हो बाबा, आपलाच, स्टारवाला.

मुलीने डायरीतलं कोरं पान उघडून त्यांच्याच पद्धतीने लिहिलं, ११ मार्च, सूर्य, दुसरी डिश १२.०४. आता तिला पहिल्या डिशचा स्टँड सरळ करायचा आहे, ऑक्टोबरच्या आत. काका, १०.०० ला २ तारखेला बघायचं की ३ ला?